धरणे ते डिक्री : थकलेल्या पैशांच्या वसुलीची गोष्ट

थकलेली उधारी वसूल करायची तर आज आधी नोटीस जाते, मग दावा दाखल होतो. पेशवाईत धनको सरळ ऋणकोच्या उंबरठ्यावर जाऊन बसत असे. ‘धरणे’ हा शब्द आज मोर्चे आणि आंदोलनांशी जोडला गेला आहे. त्या काळी मात्र तो पैशांच्या वसुलीशीही तितकाच घट्ट जोडलेला होता. उंबरठ्यावरची ही वसुली कोर्टात कशी पोहोचली, आणि पोहोचताना तिचे काय झाले, त्याचा हा थ्रेड.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी एक सविस्तर अहवाल लिहिला. न्यायव्यवस्थेचे वर्णन करताना तो ‘तगाद्या’पाशी थबकतो. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या दर्जाचा असेल, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवून ठेवी. ऋणको वरचढ असेल तर हे शक्य नव्हते. मग आधी विनवण्या, नंतर त्याच्या अब्रूला आवाहन, वाटेत आडवे पडणे, दारात आरडाओरडा, आणि सरतेशेवटी त्याच्या उंबरठ्यावर उपाशी बसणे.

या शेवटच्या उपायातली मेख अशी, की दारातला माणूस उपाशी असेतो घरातल्या माणसालाही जेवता येत नसे. तगादा रास्त असेल तर बसलेल्याला हुसकावणे हे अप्रतिष्ठेचे मानले जाई. ऋणकोला तो खोटा वाटला, तर त्याला स्वतःलाच पंचायत हवीशी होई. म्हणजे धरणे हा निकाल नव्हता. समोरच्याला निकालापर्यंत आणण्याचा तो मार्ग होता. एका अर्थी समन्सच, पण बजावणाऱ्याच्या पोटाला चिमटा काढणारे.

यातून मोठेही सुटत नसत. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत धरण्याचे वर्णन येते. पगार थकलेले शिपाई आपल्या सरदारांना असेच कोंडीत पकडत. खुद्द थोरल्या बाजीरावाला धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्या कर्जाचा तगादा सोसावा लागला होता.

अशी रीत केवळ आपल्याकडेच होती असे नाही. प्राचीन आयर्लंडच्या ब्रेहन कायद्यातही वरच्या दर्जाच्या माणसाकडून येणे वसूल करायचे असेल, तर आधी त्याच्या दारात उपवास करावा लागे. हेन्री मेन या कायदेपंडिताने १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आयरिश उपवास आणि भारतीय धरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने ते साल फारच बोलके आहे. त्याकडे पुढे येऊच.

धरण्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. दुबळ्या ऋणकोला उन्हात बसवणे हा उघड छळ होता. त्यात धरण्याला बसणारा ब्राह्मण असेल, तर ब्रह्महत्येच्या पातकाची भीती हेच शस्त्र बनत असे. कंपनी सरकारने काशी प्रांतात १७९५ मध्येच ब्राह्मणांच्या धरण्याला बंदी घातली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५०८ व्या कलमात दैवी कोपाचा धाक घालणे गुन्हा ठरले, आणि त्या कलमाखाली दिलेले उदाहरणच दारात धरणे धरून बसणाऱ्याचे आहे.

दार बंद झाले, तसे कोर्ट उघडले. इंग्लंडमध्ये १८४६ साली लहान कर्जे सुलभपणे वसूल व्हावीत म्हणून काउंटी कोर्टे स्थापन झाली. तोच हेतू, जवळजवळ त्याच शीर्षकासह, १८५० च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे आणला गेला. मुंबईचे स्मॉल कॉज कोर्ट, म्हणजेच लघुवाद न्यायालय, त्यातूनच उभे राहिले. मर्यादा ५०० रुपयांची. १८८२ मध्ये ती २,००० झाली. थोडक्यात चौकशी आणि झटपट निकाल, हे त्याचे वैशिष्ट्य.

शहरातल्या शिंप्याला, वाण्याला, गवंड्याला हे वरदानच होते. बड्या गिऱ्हाइकाच्या दारात उपाशी बसण्याऐवजी हिशेबाची वही न्यायाधीशापुढे ठेवता येऊ लागली. मुंबईसारख्या शहरात, जिथे शेजाऱ्यालाही कोणाच्या अब्रूचे सोयरसुतक नसते, तिथे उंबरठ्यावरचा उपवास तसाही फारसा चालला नसता.

घाटावर मात्र तीच सोय उलटली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि साचलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. अमेरिकन यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली, सारा मात्र फेरपाहणीत वाढला. रोखे कोर्टात येऊ लागले. निरक्षर शेतकऱ्याने अंगठा दिलेला कागद कोर्टापुढे निर्विवाद पुरावा ठरे. कितीएक प्रतिवादी हजरच होत नसत आणि एकतर्फी हुकूमनामा होई. पाठोपाठ जप्ती, नाहीतर दिवाणी तुरुंग. पूर्वी वसुलीसाठी धनकोला स्वतः झिजावे लागे, चारचौघांत बसावे लागे. आता थोडा स्टँप आणि एक वकील पुरे होता. ऋणकोचे तोंडही पाहावे लागत नसे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. दख्खनचा उठाव या नावाने पाठ्यपुस्तकांत येणाऱ्या या घटनेतला एक तपशील सहसा निसटतो. जमावाला हवे होते ते कागद: कर्जरोखे आणि त्यांच्यासोबत कोर्टाचे हुकूमनामेही. जिथे ते मुकाट्याने हाती आले, तिथे सहसा पुढे काही घडले नाही. होळी झाली ती कागदांची, आणि त्यात न्यायालयाचा कागदही सावकाराच्याच दप्तरातला समजला गेला.

चौकशी आयोग बसला. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. त्यातल्या तरतुदी वाचताना जुना उंबरठा आठवल्याशिवाय राहत नाही. दाव्याआधी सलोखा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊन त्याचा दाखला आणणे आवश्यक झाले. न्यायाधीशाने सामान्यतः प्रतिवादीची स्वतः जबानी घ्यावी आणि रोख्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा हिशेब तपासावा, असे ठरले. पैशाच्या डिक्रीपोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. १८८४ मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झालेले महादेव गोविंद रानडे पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहत होते.

सावकारांनीही वाट शोधली. हिशेब तपासला जाणारच असेल तर कर्ज दाखवायचेच कशाला? गहाणखताऐवजी थेट जमिनीचे खरेदीखत लिहून घ्यायचे, आणि पैसे फिटले की जमीन परत देण्याचा शब्द तोंडी ठेवायचा. तो शब्द कोर्टात सिद्ध करता यावा म्हणून १९०७ मध्ये त्या कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली.