एलआयसी इमारत, चेन्नई

एलआयसी इमारत ही चेन्नई शहरातील अण्णा सालै (पूर्वीचा माउंट रोड) या मुख्य रस्त्यावरील बहुमजली कार्यालयीन इमारत असून ती भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या दक्षिण विभागाचे मुख्यालय आहे. तिची उंची १७७ फूट (सुमारे ५४ मीटर) आहे. १९५९ साली पूर्ण झाली तेव्हा ती देशातील सर्वांत उंच इमारत गणली गेली. हा मान १९६१ मध्ये मुंबईच्या कारमायकेल रस्त्यावरील ‘उषा किरण’ या इमारतीकडे गेला.

इतिहास

या इमारतीची मूळ कल्पना महामंडळाची नव्हे. इंडियन ओव्हरसीज बँकेचे संस्थापक एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांनी आपल्या युनायटेड इंडिया विमा कंपनीसाठी ती योजली. लंडनच्या ब्राउन व मोलिन या वास्तुविशारदांनी आराखडा केला आणि १९५३ मध्ये काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १३ मार्च १९५४ रोजी, सिंगापूर येथील विमान अपघातात चेट्टियार मृत्यू पावले.

जानेवारी १९५६ मध्ये, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून महामंडळ स्थापन झाले आणि अर्धवट उभी असलेली ही वास्तूही त्याच्याकडे आली. ब्राउन व मोलिन यांनी काम मध्येच सोडले. ते पूर्णत्वास नेले मद्रासमध्ये व्यवसाय करणारे वास्तुविशारद एल. एम. चितळे यांनी. दुसऱ्याच्या आराखड्याची जबाबदारी मधूनच स्वीकारणे सोपे नसते; त्यामुळे श्रेयात चितळे यांचा वाटा मोठा मानला पाहिजे. २३ ऑगस्ट १९५९ रोजी तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

स्थापत्य

मद्रासमध्ये तोवर मोठ्या इमारती प्रामुख्याने चुना व विटांच्या असत. अशा बांधकामात छपराचा व मजल्यांचा भार भिंती वाहतात, म्हणून मजले वाढले की खालच्या भिंती जाड कराव्या लागतात आणि जागा कमी होते. येथे भार काँक्रीटच्या खांबांवर सोपवला गेला. भिंतींकडे केवळ आडोशाचे काम उरले. चुना-विटांकडून काँक्रीटच्या खांबांकडे झालेल्या या स्थित्यंतराची खूण म्हणून शहराच्या वास्तुइतिहासात या इमारतीला महत्त्व आहे. तिचा सरळसोट, चौकोनी आकार जुन्या मद्रासच्या घुमट-कमानींशी मुळीच नाते सांगत नाही.

ती १५ मजल्यांची असली तरी लोकांच्या बोलण्यात ‘चौदा मजली’ म्हणूनच रूढ झाली. तळमजला मोजायचा की नाही, एवढाच हा फरक असावा.

१९७५ साली इमारतीस भीषण आग लागली. दुरुस्तीनंतर ती पुन्हा वापरात आली.

लोकजीवनातील स्थान

अनेक वर्षे खेड्यांतून मद्रासला येणारे लोक ही इमारत मुद्दाम पाहण्यास जात. नायक शहरात आला हे दाखविण्यासाठी तमिळ चित्रपटांत सेंट्रल स्थानकाबरोबर तिचेही दृश्य हमखास येई. पुढे शहरात याहून कितीतरी उंच इमारती झाल्या. मात्र २०१९ मध्ये अण्णा सालैच्या या भागाखालून मेट्रो धावू लागली, तेव्हा येथील भुयारी स्थानकाला ‘एलआयसी’ हेच नाव देण्यात आले.