मद्यनिषेधाच्या घरातील मद्य

व्यसनमुक्तीच्या चळवळींचा इतिहास त्यागाचा आणि निर्धाराचा आहे. तथापि, त्यात हसू आणणारे आणि हसता हसता सावध करणारे प्रसंगही आढळतात. अमेरिकेतील मद्यनिषेध चळवळीत झालेला एक गोंधळ असाच बोधप्रद आहे.

ओहायो राज्यातील हिल्सबरो या लहानशा गावी डिसेंबर १८७३ मध्ये डॉ. डायो लुईस यांचे मद्यपानाविरुद्ध व्याख्यान झाले. त्यातून स्फूर्ती घेऊन गावातील स्त्रिया एलायझा थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्याच दिवशी घराबाहेर पडल्या. गुत्त्यांत जाऊन त्यांनी प्रार्थना केल्या आणि मालकांना विक्री थांबवण्याची विनंती केली. औषधांच्या दुकानांतही मद्य मिळत असल्याने त्या दुकानदारांकडूनही प्रतिज्ञापत्रावर सह्या मागण्यात आल्या. ही लाट गावोगावी पसरली आणि नोव्हेंबर १८७४ मध्ये क्लीव्हलँड येथे ‘विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही संघटना स्थापन झाली.

गुत्त्यांवर पहारा बसला, पण घरातील औषधाचे कपाट दुर्लक्षित राहिले. त्या काळी तयार औषधांच्या बाटलीवर घटकद्रव्ये छापण्याचे बंधन नव्हते. स्त्रियांच्या विकारांवरील लिडिया पिंकहॅम यांच्या लोकप्रिय औषधात सुमारे १८ ते २० टक्के अल्कोहोल असे. ‘पार्कर्स टॉनिक’ तर शुद्ध वनस्पतिजन्य म्हणून विकले जाई व मद्यपींनाही ते घेण्याची शिफारस केली जाई. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाने केलेल्या तपासणीत त्यात ४१.६ टक्के अल्कोहोल निघाले! म्हणजे व्यसन सोडवण्यासाठी दिलेले औषध व्हिस्कीच्या तोडीचे होते.

‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बॉक यांनी १९०४ मध्ये असे आकडे प्रसिद्ध केले. मद्याला न शिवण्याची शपथ घेतलेल्या भगिनीच चमच्याचमच्याने मद्य घेत आहेत, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवून दिले. मात्र गोंधळ येथेच संपला नाही. खुद्द बॉक यांनी एका औषधाविषयी जुन्या पृथक्करणावर विसंबून चुकीचा आरोप केला. त्यांच्या मासिकाला तो मागे घ्यावा लागला आणि नुकसानभरपाईही द्यावी लागली. चमचा तोंडाला लावणाऱ्यांनी बाटली तपासली नव्हती, तशीच ती दोष देणाऱ्यानेही तपासली नव्हती.

अखेर १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने अल्कोहोल, अफू यांसारख्या द्रव्यांचे प्रमाण औषधाच्या बाटलीवर छापणे बंधनकारक केले. गुत्त्यासमोरील प्रार्थनेइतकेच या चार ओळींच्या चिठ्ठीनेही मोलाचे कार्य केले.

त्या स्त्रियांची निष्ठा खोटी नव्हती. उणीव होती ती माहितीची. नियम घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कशाने मोडतो हे जाणणेही महत्त्वाचे. संकल्पाला विवेकाची जोड मिळाली, तरच तो खऱ्या अर्थाने पाळला जातो.