रायगडाचे दफ्तर आणि दूरची प्रत

१/ पनवेलजवळचा पळस्पे फाटा. येथून एक रस्ता महाडकडे, म्हणजे रायगडाच्या दिशेने जातो. दुसरा, जुना पुणे रस्ता, खोपोलीकडे वळतो. या दुसऱ्या रस्त्याच्या परिसरात २०२० मध्ये ‘योट्टा एनएम१’ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. दोन्ही वाटांवर प्रश्न एकच : मूळ दफ्तर गेले तर मागे काय उरते?

२/ नोव्हेंबर १६८९. रायगड मोगलांच्या हाती पडला आणि त्या उलथापालथीत राजधानीचे दफ्तर नाहीसे झाले. पुढे शिवछत्रपतींचे जन्मवर्षही १६२७ असे रूढ झाले.

३/ उत्तर मिळाले ते राजधानीबाहेर. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तंजावरास सापडलेल्या ‘शिवभारता’ने आणि राजस्थानातील एका जन्मकुंडलीने त्या वर्षास दुजोरा दिला.

४/ हे कागद कोणी बॅकअप म्हणून राखले नव्हते. ते दैवाने वाचले. म्हणूनच तिथी परत मिळाली, दफ्तर नाही.

५/ आजचे मोठे डेटाबेस दैवावर सोडता येत नाहीत. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : किती वेळाच्या नोंदी गमावणे परवडेल आणि काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे? संपूर्ण प्रत घेण्यास कित्येक तास लागतात. म्हणून बहुधा आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत, रोज केवळ बदललेला भाग आणि दर काही मिनिटांनी व्यवहारांची लॉग-नोंद घेतात. याचीही किंमत असते. साखळी लांबली की पुनर्स्थापनेस वेळ लागतो; एक कडी तुटली तर पुढच्या निरुपयोगी ठरतात.

६/ सतत जुळवून ठेवलेली रेप्लिका यंत्र बंद पडल्यास तारते. पण चुकून पुसलेली नोंद तिच्यातूनही क्षणात पुसली जाते. त्याच इमारतीतील प्रतही अपुरी. गडावरच्या दुसऱ्या वाड्यातील दफ्तर गडाबरोबरच गेले असते. यावरून रूढ झालेला नियम : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दूरच्या ठिकाणी.

७/ शेवटची कसोटी वाचनाची. कारीचे कागद कोणीतरी उघडून वाचले, तेव्हाच ते इतिहासाच्या कामी आले. बॅकअपचेही तसेच : ठरावीक काळाने तो वेगळ्या यंत्रावर उतरवून तपासला नाही, तर ती प्रत नव्हे, केवळ समजूत असते.