वंगण आणि झीज

पलूसच्या परिसरांत उंसाचें गुऱ्हाळ ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत ऊंस पिके आणि तो गाळण्यासाठीं बैलांचा चरक फिरे. लाकडी चरकाची कुरकुर वेशीपर्यंत ऐकूं आली म्हणजे शेतकरी तेलाचें भांडें घेऊन उठे. वाजणाऱ्या यंत्राला तेल द्यावें, हें शहाणपण त्यानें पुस्तकांतून घेतलेलें नव्हतें. परंतु कोणत्या यंत्राला कोणतें तेल द्यावें, आणि तेलानें काय साधतें व काय साधत नाहीं, हा प्रश्न खऱ्या अर्थानें मोटारगाडीनें उभा केला. जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घराच्या खिशाशीं त्याचा निकट संबंध आहे.

आपल्याकडे वंगण म्हटलें कीं पूर्वीं एरंडेल आठवे. बैलगाडीच्या आंसाला तेंच लागे. हें तेल जाड व चिवट. उन्हानें पातळ होऊन सहजासहजीं ओघळत नाहीं. या गुणांची कदर पुढें पाश्चात्त्य देशांनींही केली. इंग्लंडांतील चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ सालीं एरंडेल मिसळलेलें तेल बाजारांत आणलें व एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं फिरतीं इंजिनें एरंडेलावरच चालत. कारण तें पेट्रोलमध्यें सहसा विरघळत नाहीं. गाडीवानाच्या नळ्यांतील तेल असें आकाशांत पोहोंचलें.

इकडे १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांव सोडून औंध संस्थानच्या हद्दींत, पलूसजवळच्या माळावर, आपला कारखाना उभारला. किर्लोस्करवाडीहून लोखंडी नांगर शेतोशेतीं गेले. उंसाचे लोखंडी चरकही गेले. लोखंडी चरकाचीं दंतचक्रें उघडीं असत. त्यांचा दांता झिजला तर तो डोळ्यांना दिसे, बोटाला लागे. तेल पुरे कीं चाकच बदलावें, याचा निर्णय मालक उभ्या जागीं करी. मोटारीनें ही सोय हिरावून घेतली. फ्रान्समधील एमिल लव्हासोर यांनीं १८९० नंतरच्या दशकांत सरकत्या दंतचक्रांची योजना रूढ केली, आणि पुढें तीं चक्रें बंद पेटींत गेलीं. तिलाच आपण गिअरबॉक्स म्हणतों. आंत काय झिजलें हें दिसेनासें झालें; केवळ आवाज ऐकूं येऊं लागला. सर्व घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

आवाज झांकण्याची पहिली युक्ति म्हणजे तेल जाड करणें. तेलाच्या डब्यावर ८०, ९०, १४० असे आंकडे असतात. ते केवळ जाडी दाखवितात, गुण नव्हे. शिवाय गिअरचें ९० नंबरचें तेल हें इंजिनाच्या ४० किंवा ५० नंबरच्या तेलाइतकेंच जाड असतें. मापें निराळीं आहेत, एवढेंच. झिजलेल्या दांत्यांमधील फट जाड तेलानें भरते व खडखड मंदावते, हें खरें. पण तेंच तेल लहान बेअरिंगांपर्यंत वेळेवर पोहोंचत नाहीं आणि थंडींत गिअर घट्ट होतो. आणखी धाडसी लोक पेटींत लाकडाचा भुसा घालीत, अशी जुन्या गाड्यांच्या व्यापाराची जगभर अपकीर्ति आहे. भुशानें गाडी विकली जाईपर्यंत गप्प बसते. पुढचें दुःख घेणाऱ्याचें.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. १९२६ च्या सुमारास अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें मागच्या आंसासाठीं ‘हायपॉइड’ जातीचीं चक्रें योजिलीं. त्यांचे दांते एकमेकांवर दाबाखालीं घसरतात. साधें तेल तेथें चिरडून निघून जाई. म्हणून तेलांत गंधकासारखीं द्रव्यें घालावीं लागलीं. तीं धातूवर पातळ थर धरतात व दांते वांचवितात. परंतु लवकरच, १९२८ सालीं, कॅडिलॅक गाडींत गिअर बदल सुकर करणारी ‘सिंक्रोमेश’ योजना आली. तशा पेट्यांतून पुढें पितळी जातीचीं कडीं सर्रास वापरांत आलीं, आणि पोलादाला तारणारें गंधकी तेल कित्येकदां पितळेला खाऊं लागलें. आजही जीएल-४ हें तेल बहुधा गिअरबॉक्ससाठीं व अधिक तीव्र जीएल-५ हें मागच्या आंसासाठीं सांगितलेलें असतें, त्याचें कारण हेंच. ‘वरच्या नंबरचें म्हणजे अधिक चांगलें’ या समजुतीनें जुन्या पेटींत दुसरें ओतणें म्हणजे औषधाच्या नांवाखालीं विष देणें होय.

मग झिजलेल्या पेटीला काय द्यावें? प्रथम गाडीबरोबरची पुस्तिका पाहावी. प्रत्येक गाडीचा प्रकार निराळा असतो. १९५९ च्या ‘मिनी’ गाडींत तर इंजिन व गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात. जुनें तेल गरम असतां काढून पांढऱ्या कापडावर पाहावें. बारीक राखाडी भुकटी ही वयाची खूण. पिवळी चमक ही कड्यांची. पोलादाचे तुकडे दिसले तर तेलाचा विचारच सोडावा. न्यूट्रलमधील घरघर क्लच दाबतांच थांबली तर संशय बेअरिंगवर जातो. गिअर बदलतांना करकर झाली तर कड्यांवर. दांत्यांचें पोलाद वरच्या पातळ थरापुरतेंच फार कठीण केलेलें असतें. तो थर गेला कीं आंतील मऊ भाग झपाट्यानें झिजतो, आणि गेलेला धातु कोणतेंही तेल परत आणीत नाहीं. पुस्तिकेनें जाडीची मुभा दिली असेल तर तिच्या आंत एक पायरी चढावें. त्यापुढें कारागिराचें काम.

चरकाच्या मालकाला हा विवेक सहज साधे, कारण त्याची झीज उघड्यावर होती. बंद पेटींतील झीज कानानें व कापडानें ओळखावी लागते. योग्य तेल उरलेल्या धातूचें आयुष्य वाढवितें. अयोग्य तेल केवळ त्याचें रडणें बंद करतें. यंत्र गप्प झालें म्हणजे तें बरें झालें, असें समजणारा मनुष्य बहुधा घांटाच्या चढावरच आपली चूक ओळखतो.