मृतांचे ऋण आणि जिवंतांचे स्वातंत्र्य

मनुष्य मरण पावला म्हणजे त्याचे देणे संपते काय? प्रश्न वरकरणी केवळ कायद्याचा दिसतो. परंतु एखाद्या समाजाने या प्रश्नाचे काय उत्तर दिले, यावरून त्या समाजात माणसाची किंमत काय होती हे उमगते. देणे मृताच्या मालमत्तेवर असते, की त्याच्या मुलाच्या देहावर? ते कोणी स्वीकारलेले असते, की जन्माबरोबर कपाळी येते? प्राचीन भारतात या प्रश्नांना दोन भिन्न उत्तरे दिली गेली. एक धर्मशास्त्रांच्या ग्रंथांत आहे. दुसरे पाली वाङ्मयात आणि आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांच्या भिंतींवर कोरलेले आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांचा परामर्श घेऊन त्यांचा आमच्या पूर्वजांच्या आयुष्याशी असलेला संबंध दाखविण्याचा आमचा उद्देश आहे.

जन्मतःच कर्जदार

वैदिक परंपरेत ऋणाची कल्पना फार जुनी आहे. ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. जे ऋण मनुष्याने कधी मागितले नाही ते त्याच्या जन्मापूर्वीच त्याच्या नावावर मांडलेले असते, हा या विचाराचा गाभा होय. पुढे स्मृतिकारांनी व्यवहारातील कर्जालाही हीच दृष्टी लावली. बापाचे कर्ज मुलाने व नातवाने फेडावे, असे याज्ञवल्क्याने सांगितले. बृहस्पतीने त्यात तारतम्य केले. मुलाने बापाचे कर्ज व्याजासह फेडावे, नातवाने आजोबांचे फक्त मुद्दल द्यावे आणि पणतूने काहीच देऊ नये, अशी ती व्यवस्था होती. जुगार आणि मद्यपान यांपायी झालेले बापाचे कर्ज मुलावर येत नाही, असा अपवाद मनुस्मृतीतही आहे. म्हणजे स्मृतिकारांना मर्यादेची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही.

परंतु ही मर्यादा इहलोकापुरती होती. कर्जबाजारी तपस्वी किंवा अग्निहोत्री मरण पावला तर त्याच्या तपाचे व अग्निहोत्राचे सारे पुण्य सावकाराच्या पदरी पडते, असे नारद सांगतो. कात्यायनाच्या नावावर येणाऱ्या एका वचनानुसार, घेतलेले परत न करणारा पुढील जन्मी धनकोच्या घरी दास, चाकर, स्त्री किंवा पशू होऊन जन्मास येतो. येथे सावकाराचा हक्क चितेपाशी थांबत नाही. तो ऋणकोच्या मागोमाग परलोकात जातो आणि त्याला पुन्हा याच लोकात ओढून आणतो. या वचनाचा दुसरा अर्थ अधिक भयंकर आहे. जो आज कोणाच्या घरी दास आहे, तो मागील जन्मीचा बुडवा कर्जदार असला पाहिजे! दास्याला याहून सोयीचे समर्थन सापडणे कठीण.

शिवाय हे ऋण सर्वांना सारखे नव्हते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दरमहा शेकडा व्याजाचे दर वर्णक्रमाने दोन, तीन, चार आणि पाच असे दिले आहेत. ब्राह्मणाला सर्वांत कमी, शूद्राला सर्वांत जास्त. त्याच अध्यायात असेही म्हटले आहे की, ऋणको धनकोच्या बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनतीने कर्ज फेडावे. वरच्या जातीचा असेल तर त्याने सवडीने फेडावे. दासांच्या सात प्रकारांत बापाकडून वारशाने आलेला ‘पैत्रिक’ दास मोजला आहे. आणि धन्याने मुक्त केले तरी शूद्र दास्यातून सुटत नाही, कारण दास्य त्याच्या स्वभावातच आहे, असेही सांगून टाकले आहे. धन्याने सोडले तरी न सुटणारे हे बंधन, त्याला फिटण्याची मुदत कोठून असणार?

पाली वाङ्मयातील ऋण

भगवान बुद्धांच्या काळी समाजात कर्ज होते, व्याज होते आणि कर्जापायी दास्यही होते. हे सत्य पाली वाङ्मय लपवीत नाही. थेरीगाथेत इसिदासी थेरी आपल्या एका पूर्वजन्माची हकीकत सांगते. ती एका दरिद्री, कर्जात बुडालेल्या गाडीवानाची मुलगी होती. व्याज फार साचले म्हणून सार्थवाहाने रडणाऱ्या त्या मुलीला घरातून ओढून नेले. पूर्वजन्माची चौकट बाजूस ठेवली तरी त्यातील सामाजिक वास्तव स्पष्ट आहे. कर्ज बापाचे आणि ओढून नेली जाते मुलगी.

अंगुत्तर निकायातील इण सुत्तात बुद्ध दारिद्र्यापासून बंधनापर्यंतची सारी पायरी सांगतात. दारिद्र्य, त्यातून कर्ज, कर्जावर व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि अखेरीस बंधन. यांतील प्रत्येक गोष्ट त्यांनी दुःख म्हणून मोजली आहे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ‘आनण्यसुख’, म्हणजे कोणाचे काही देणे नसण्याचे सुख, हे एक आहे. सामञ्ञफल सुत्तात नीवरणांतून मुक्त झालेल्या चित्ताला कर्ज फेडलेल्या माणसाची आणि दास्यातून सुटलेल्या माणसाची उपमा दिली आहे. ज्या धम्मात मुक्तीचे वर्णन करण्यासाठी कर्जमुक्त माणसाचा आनंद आठवतो, त्या धम्माला कर्ज हे दैवी विधान वाटत नव्हते, हे उघड आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. विनयपिटकाच्या महावग्गात ऋणकोला आणि दासाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. संघप्रवेशाने कर्ज बुडविता येत नसे. आजच्या वाचकास हा नियम खटकेल, आणि दासाच्या बाबतीत तो खटकलाच पाहिजे. राजसत्तेच्या व धनिकांच्या जगात राहून संघाला काही मर्यादा स्वीकाराव्या लागल्या, त्यांपैकी ही एक होय. परंतु या नियमात ऋण ही दोन माणसांमधील लौकिक बाब आहे. ते फेडले की माणूस मोकळा होतो. ते वर्णाला चिकटत नाही.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेविषयी विनयाने घालून दिलेली व्यवस्था तर मुद्दाम अभ्यासण्यासारखी आहे. भिक्षू मरण पावला तर त्याच्या पात्रचीवराचा स्वामी संघ होय. परंतु आजारपणात ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांचे उपकार मोठे असतात, म्हणून संघाने चीवर व पात्र त्या शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असे महावग्गात सांगितले आहे. उरलेल्या वस्तूंपैकी हलक्या वस्तू उपस्थित संघाने वाटून घ्याव्यात. जड वस्तू मात्र आलेल्या आणि न आलेल्या चातुर्दिश संघाच्या असतात; त्या वाटता येत नाहीत. येथे वारसा रक्ताने ठरत नाही, सेवेने ठरतो. मृताकडून पुढच्यांकडे येते ती वस्तू असते. कोणाच्या मानेवर जोखड येत नाही.

लेण्यांतील अक्षयनीवि

मृत्यूनंतर टिकणारे प्रत्येक बंधन अन्याय्य असते असे मात्र नाही. याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. बेचाळिसाव्या वर्षी त्याने हे लेणे चातुर्दिश संघाला दिले आणि तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवि’, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी अट लेखात आहे.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण कमी नाही की जास्त नाही. हे सारे निगमसभेत जाहीर करून रीतसर नोंदविले गेले, असेही लेखात म्हटले आहे. मनुस्मृती जे काम करणाऱ्या शूद्राकडून दरमहा शेकडा पाच व्याज घ्यावे असे सांगते, त्याच काम करणाऱ्यांच्या श्रेणीवर संघाचा निधी शेकडा एक व पाऊण दराने सोपविला गेला होता. एकीकडे शिक्षेसारखे व्याज, दुसरीकडे विश्वासाची ठेव!

नाशिकच्याच आणखी एका लेखात, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने संघातील आजारी भिक्षूंच्या औषधासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. त्यांत तेल्यांची श्रेणी आहे. जुन्नरच्या लेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणी दिसतात. दाता मरणार, श्रेणीतील आजचे कारागीर मरणार, चीवर घेणारे भिक्षूही मरणार. तरी बंधन चालू राहणार. परंतु हे बंधन श्रेणीने स्वतः स्वीकारले होते. त्याबद्दल भांडवल तिच्या हाती आले होते. देणे किती, कोणाला आणि कशासाठी, हे चारचौघांत वाचून दाखविलेले होते. श्रेणीतल्या कोष्ट्याचा मुलगा त्यापायी कोणाचा दास होत नव्हता.

असे बंधन सत्तांतरानेही मोडले नाही. नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने उषवदाताच्या उपभोगात असलेले शेत आपल्या अठराव्या वर्षी संघाला दिल्याचा लेख तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. पुढे चोविसाव्या वर्षी दिलेले शेत कसले जात नाही, गावही ओसाड पडले आहे, असे आढळून आले. तेव्हा त्याऐवजी राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने देण्याची आज्ञा झाली. मृतांचा शब्द पाळावयाचा तर परिस्थिती बदलताच जिवंतांनी तो दुरुस्त केला पाहिजे, हे शहाणपण या आज्ञेत आहे.

सम्राट अशोकानेही ऋणाचा अर्थ असाच पालटला होता. आपले सारे परिश्रम प्राणिमात्रांच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी आहेत, असे सहाव्या शिलालेखात तो म्हणतो. पितरांचे ऋण जन्माने येते. अशोकाने हे ऋण समजून उमजून अंगावर घेतले.

वतन आणि वेठ

दुर्दैवाने पुढील काळात लेण्यांतला हा व्यवहार लोपला आणि गावगाड्यात स्मृतींचा विचार राहिला. महार वतन हे त्याचे ठळक उदाहरण होय. नाव वतनाचे, प्रत्यक्षात वेठ. थोडी इनामी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात सरकारी व गावकीचे पडेल ते काम करावयाचे, आणि ते केवळ एकट्याने नव्हे तर साऱ्या घराने. कोण्या अज्ञात पूर्वजाने केव्हा पत्करलेले, किंवा त्याच्यावर लादलेले, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. ब्रिटिशांच्या १८७४च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने त्याला कायदेशीर रूप दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार हा चोवीस तासांचा नोकर आहे आणि तो हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही कामाला जुंपले जाते, हे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. विधेयकाला इतका विरोध झाला की १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. ही वतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

कर्जाच्या बाबतीतही असेच घडले. मुंबई इलाख्यात १८६६च्या कायद्याने हिंदू वारसाची जबाबदारी मृताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. तरीही बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धार्मिक कर्तव्य होय, हे तत्त्व न्यायालयांत टिकून राहिले. केवळ या कर्तव्याच्या आधारे मुलगा, नातू वा पणतू यांच्यावर वसुलीचा दावा चालणार नाही, असे संसदेने ठरविले ते २००५च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती कायद्याने. आणि तेही पुढील कर्जांपुरतेच.

भूमिहीनाच्या मुलाला तर बापाची मालमत्ता मिळतच नव्हती. मिळत होते ते केवळ कर्ज, आणि ते फेडावयाचे साधन केवळ देह. संविधानाच्या अनुच्छेद २३ने वेठबिगारीस बंदी केली. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची व्याख्या आमच्या कार्यकर्त्यांनी मूळातून वाचावी. पूर्वजाने वा वंशजाने घेतलेली उचल, रूढीने आलेले कर्तव्य, वारशाने आलेले बंधन आणि विशिष्ट जातीत झालेला जन्म, या प्रत्येक कारणाने करून घेतलेली वेठ त्या व्याख्येत बसते. स्मृतींनी जी बंधने एकेक करून घातली, तीच या कायद्याने एकेक करून नावानिशी मोजली आणि तोडली.

पृथ्वी कोणाची?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी अमेरिकेच्या जेफर्सनचा एक विचार सभागृहापुढे ठेवला. प्रत्येक पिढी हे जणू स्वतंत्र राष्ट्र असते. ती बहुमताने स्वतःला बांधून घेऊ शकते, पण पुढच्या पिढीला नाही. तसे मानले नाही तर ही पृथ्वी जिवंतांची नसून मृतांची आहे असे म्हणावे लागेल. संविधान दुरुस्तीची वाट का मोकळी ठेवली, हे सांगताना बाबासाहेबांनी हा विचार मांडला. परंतु ज्याच्या समाजाच्या मानेवर मृतांचे जोखड शतकानुशतके होते, त्याच्या मुखी तो केवळ घटनाशास्त्राचा मुद्दा नव्हता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते हा सिद्धांत नाकारला, कारण त्यामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी झटकण्यास समाज व राज्य मोकळे होतात.

मृतांशी आमचे नाते तोडावे, असा याचा अर्थ नव्हे. आमच्या वस्त्यांतून आज विहारे, वाचनालये, शिष्यवृत्तीचे निधी उभे राहत आहेत. कित्येकांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीसाठी ठेवी ठेवल्या आहेत. या आजच्या अक्षयनीवि होत. त्यांना नाशिकच्या लेखाची शिस्त हवी. ठेव किती, व्याज किती, कोणासाठी आणि कोणाच्या हाती, हे सर्वांसमोर वाचले जावे. हिशेब पैशापैशाने जुळावा. गाव ओसाड पडले तर शेत बदलून देण्याची मुभा जिवंतांना असावी. आणि कोणत्याही संस्थेत पद, मान किंवा काम बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ नये. वतन आम्ही कायद्याने सोडले. ते आमच्याच विहाराच्या कमिटीत पुन्हा निर्माण होणार नाही, एवढी काळजी घेणे हे आमच्या पिढीचे कर्तव्य होय.