चक्कीवाल्याचे नाव

नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला ‘सुताराचा मुलगा’ म्हटले, ते त्याला हिणवण्यासाठी. बापाच्या धंद्यावरून माणसाची पत ठरविण्याची रीत अशी फार जुनी आहे. युरोपातील हजारो आडनावे धंद्यांवरूनच पडली. जर्मनीत आज सर्वांत अधिक आढळणारे ‘म्युलर’ हे आडनाव त्यांपैकीच एक. त्याचा साधा अर्थ चक्कीवाला, लोकांचे धान्य दळून देणारा.

रोमन लोकांबरोबर पाणचक्की उत्तरेकडे गेली आणि तिच्याबरोबर लॅटिनमधील ‘मोलिना’ हा शब्दही गेला. बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान जर्मन प्रदेशांत आडनावे रूढ झाली. एकाच गावात अनेक योहान्नेस नांदू लागले, तेव्हा चक्कीवरचा कोणता आणि लोहारशाळेतला कोणता, हे सांगणे भाग पडले.

चक्की बहुधा जमीनदाराच्या किंवा मठाच्या मालकीची असे आणि पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याला नेमून दिलेल्या चक्कीवरच दळण न्यावे लागे. दळणावळ म्हणून धान्याचाच काही वाटा कापून घेतला जाई. साहजिकच मापात पाप केल्याचा संशय चक्कीवाल्याच्या वाट्याला येई. कित्येक नगरांतील कारागीर-संघ त्याच्या मुलांना आपल्यात घेत नसत. अखेर १५४८ साली साम्राज्याच्या कायद्याने विणकर, न्हावी, मेंढपाळ आणि चक्कीवाले यांच्या मुलांना संघाबाहेर ठेवू नये, असे बजावले. १५७७ साली तोच हुकूम पुन्हा काढावा लागला. कायदा कागदावर उतरला तरी मनात उतरायला वेळ लागतो, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

‘मोलिना’चे हे कुटुंब मात्र सीमा ओलांडीत राहिले. उत्तर जर्मनीत आणि डेन्मार्कमध्ये ‘म्योलर’, हॉलंडमध्ये ‘मुल्डर’ आणि ‘मोलेनार’, फ्रान्समध्ये ‘म्युनिए’, इटलीत ‘मोलिनारी’, हंगेरीत ‘मोल्नार’ अशी त्याची रूपे झाली. अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेले कित्येक म्युलर ‘मिलर’ झाले.

विद्वानांनी त्याला लॅटिन वेशही चढविला. १४५० साली व्हिएन्नाच्या विद्यापीठात एका मुलाचे नाव ‘मोलितोरिस’, म्हणजे ‘चक्कीवाल्याचा’, असे नोंदविले गेले. हाच योहान्नेस म्युलर पुढे थोर खगोलशास्त्रज्ञ झाला. पंचांगाच्या सुधारणेसाठी पोप सिक्स्टस चौथे यांनी त्याला रोमला पाचारण केले. तेथेच १४७६ साली त्याचा अंत झाला. ती सुधारणा १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांच्या कारकिर्दीत पार पडली. जगाने मात्र त्याचे आडनाव बाजूस ठेवून गावाच्या लॅटिन नावावरून त्याला ‘रेजिओमोंटानस’ म्हटले.

पुढे नाव राहिले, धंदा सुटला. चक्कीवरची प्रेमगीते रचणारा कवी विल्हेल्म म्युलर हा एका शिंप्याचा मुलगा. ऋग्वेदाचे संपादन करणारे मॅक्समुल्लर हे त्याचे पुत्र. त्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही, पण पुण्यामुंबईची ‘मॅक्समुल्लर भवने’ त्यांच्या नावाने उभी आहेत.

ह्याच नावाचे एक जर्मन येशूसंघीय धर्मगुरू, फादर ऑगस्टस म्युलर, मंगळूरला आले. १८८० साली कंकनाडी येथे त्यांनी गोरगरिबांना होमिओपॅथीची औषधे देण्यास आरंभ केला. पुढे कुष्ठरोग्यांसाठीही त्यांनी आश्रयस्थान उभारले. १९१० साली ते निवर्तले. त्या छोट्या दवाखान्याचे आज मोठे रुग्णालय झाले आहे. मंगळूरकराला ‘फादर मुल्लर’ म्हटले की चक्की आठवत नाही, दळणही आठवत नाही. त्याला आठवतो तो दवाखाना.

ज्या नावापायी एके काळी मुलांना दारातून परत फिरावे लागे, त्याच नावाच्या दारात आज आजारी माणूस भरवशाने उभा राहतो. नाव आपल्याला वाडवडिलांकडून मिळते. त्याचा अर्थ मात्र आपल्या हातांनी घडतो. नाझरेथच्या त्या ‘सुताराच्या मुला’ने हेच आपल्याला दाखवून दिले नाही काय?