'मापात पाप' : विजेच्या मीटरविषयीच्या लोकसंशयाचा इतिहास

१

'मापात पाप' हा मराठीतील एक सर्वपरिचित वाक्प्रचार होय. माल देणारा आणि घेणारा ह्यांच्यामध्ये जे माप उभे असते, त्याविषयी घेणाऱ्याच्या मनात कायम वसत असलेला संशय ह्या दोन शब्दांत साठविला गेला आहे. विसाव्या शतकात विजेचे मीटर घरोघर आले आणि हाच संशय त्याच्याकडे वळला. 'मीटर जोरात पळते', 'नवे मीटर बसविल्यापासून बिल वाढले' ही वाक्ये महाराष्ट्रातील शहरांत व खेड्यांत इतकी सामान्य आहेत की, त्यांची ऐतिहासिक चिकित्सा करावी असे अभ्यासकांस क्वचितच वाटते. सुशिक्षितांचा कल अशी मते अज्ञान म्हणून बाजूस सारण्याकडे असतो, तर चळवळींचा कल ती जशीच्या तशी सत्य मानण्याकडे असतो. हा संशय नेमका कशाविषयी होता, हा प्रश्न दोन्ही भूमिकांत सुटून जातो. त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संशयाचा खरा विषय बहुतेक वेळा यंत्र हा नसून यंत्राची तपासणी कोणाच्या हाती आहे हा होता, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

वीज येण्यापूर्वीच्या मापनव्यवहाराची साक्ष भाषेत चांगली टिकून आहे. धान्य मोजण्याच्या पायली, अधोली, मापटे, चिपटे ह्या भांड्यांची नावे आज मागे पडली असली, तरी 'शिगोशीग' हा शब्द प्रचारात आहे. मापाच्या काठावर धान्याची जी चढती रास राहते ती शीग. माप शीग लावून द्यावयाचे की काठाशी सपाट करून द्यावयाचे, हा प्रश्न देणाऱ्याच्या दानतीचा होता आणि तो घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सुटत असे. तराजूच्या संदर्भात 'दांडी मारणे' हा प्रयोग असाच बोलका आहे. शाळेस वा कामास न जाणे हा त्याचा अर्थ आज अधिक परिचित असला, तरी तराजूची दांडी हाताने कलवून कमी तोलणे हाही त्याचा अर्थ आहे. ह्या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आढळते. फसवणूक होते ती हाताने होते आणि ती डोळ्यांनी पकडता येते. घेणारा समोर उभा असतो. तो दांडी पाहू शकतो, शीग मोडलेली ओळखू शकतो, आणि गरज पडल्यास दुसऱ्या दुकानात पुन्हा तोलून घेऊ शकतो.

ह्या व्यवहारावर शासकीय तपासणीची मोहोर उमटली ती टप्प्याटप्प्याने. मुंबई इलाख्यात १९३२ मध्ये वजने व मापे ह्यांविषयीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या केंद्रीय कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला आणि शेर व मण ह्यांची जागा किलोग्रॅमने घेतली. दुकानातील वजनावर निरीक्षकाचा ठसा असावा, ही कल्पना ह्या काळात रुजली. लोकांच्या संशयाला मिळालेले हे संस्थात्मक उत्तर होते. दुकानदार सचोटीचा आहे असे प्रमाणपत्र शासनाने दिले नाही. वजन तपासले आहे एवढेच सांगितले.

३

विजेच्या बाबतीत मात्र प्रारंभापासूनच एक नवी अडचण उभी राहिली. वीज डोळ्यांस दिसत नाही आणि तिचे माप घेणारे यंत्र विकणाऱ्याच्याच मालकीचे असते. ही अडचण किती जुनी आहे हे अमेरिकेतील उदाहरणावरून स्पष्ट होते. टॉमस एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट विद्युत्केंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्याच्या ग्राहकांकडे जे मापक बसविले जात, ते रासायनिक होते. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडविलेल्या असत. विजेचा एक लहानसा अंश त्यांतून जाई आणि त्या प्रमाणात एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जमा होई. कंपनीचा माणूस ठराविक मुदतीने त्या पट्ट्या घेऊन जाई व त्यांच्या वजनातील फरकावरून बिल काढी. यंत्र बऱ्यापैकी अचूक होते. पण ग्राहकाला त्यावर काहीही वाचता येत नसे. घरात किती वीज वापरली हे घरमालकास कंपनीच्या तराजूवरूनच कळावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

एडिसनने स्वतः सांगितलेली एक हकिकत येथे लक्षणीय आहे. न्यूयॉर्कचे धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन ह्यांचा ह्या मापकावर विश्वास नव्हता. तेव्हा त्यांच्या कचेरीतील दिव्यांपाशी पत्रके टांगून प्रत्येक दिवा किती तास जळला ह्याची नोंद ठेवण्यात आली. महिनाअखेर हिशेब जुळेना. मापक अधिक दाखवीत होता. शोध घेता असे आढळले की, इमारतीच्या रखवालदाराकडील दिव्यांचे तास नोंदीत धरलेच नव्हते. ते मिळविताच दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. ह्या प्रसंगी संशय चुकीचा ठरला हे खरे; परंतु तो मिटला तो कंपनीच्या आश्वासनाने नव्हे, तर ग्राहकाच्या हातात आलेल्या स्वतंत्र हिशेबाने. हा हिशेब मॉर्गन ह्यांच्या कचेरीस करता आला. सामान्य ग्राहकाला तशी सोय नव्हती.

४

१८८९ मध्ये बुडापेस्ट येथील गान्झ कारखान्यातील अभियंते ओट्टो ब्लाथी ह्यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी प्रवर्तनी मापक सिद्ध केला आणि पुढील शतकभर जगातील बहुसंख्य घरांत त्याच तत्त्वाचे मीटर राहिले. विद्युत्‌दाब व प्रवाह ह्यांच्या वेटोळ्यांमुळे ॲल्युमिनियमची एक चकती फिरते, कायम चुंबक तिला आवर घालतो आणि चकतीचे फेरे दातेरी चाकांच्या योगाने आकड्यांत मोजले जातात. मुंबईत १९०५ मध्ये वीज व ट्राम ह्यांचा व्यवसाय करणारी कंपनी स्थापन झाली, १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रातून मुंबईस वीज मिळू लागली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचे विद्युत मंडळ अस्तित्वात आले. ह्या विस्ताराबरोबर काचेआड फिरणारी ती चकती लक्षावधी मराठी घरांच्या ओळखीची झाली.

'मीटर पळते' ह्या प्रयोगाचा उगम ह्या चकतीत आहे. हा केवळ आलंकारिक प्रयोग नव्हता. ते एक निरीक्षण होते. इस्त्री लावली की चकती वेगाने फिरे, सर्व दिवे मालवले की थांबे. मीटरच्या पाटीवर एका युनिटास चकतीचे किती फेरे, हा अंक छापलेला असे. तो १२०० असेल, तर शंभर वॅटचा एकच दिवा चालू ठेवून मिनिटाला दोन फेरे होतात की नाही हे कोणासही घड्याळ लावून पाहता येई. सर्व उपकरणे बंद असतानाही चकती सरकत राहिली, तर दोष मीटरमध्ये वा घरातील तारांमध्ये आहे हे उघड होई. थोडक्यात, तराजूच्या दांडीवर ठेवावयाची नजर चकतीवर ठेवणे शक्य होते.

कायद्यानेही ह्या संशयास स्थान दिले होते. १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वये मीटर बिनचूक आहे की नाही ह्याविषयी वाद उत्पन्न झाल्यास त्याचा निर्णय दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या अर्जावरून विद्युत निरीक्षकाने करावयाचा होता. १९५६ च्या नियमांत चुकीची मर्यादा सामान्यतः शेकडा तीन ठरविण्यात आली होती. वीज विकणारा हाच स्वतःच्या मापाचा न्यायाधीश असू नये, हे तत्त्व ह्या तरतुदीत स्पष्टपणे मान्य झालेले दिसते.

५

चकतीच्या मीटरची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली तेव्हा संशयाची नवी लाट आली. तिच्यात तथ्य किती होते, हे पाहण्यासाठी यंत्राची घडण विचारात घेतली पाहिजे. चकतीचा मीटर जुना झाला की टेकूची झीज व धूळ ह्यांमुळे घर्षण वाढते आणि तो बहुधा मंद होतो. अत्यल्प भारावर तर चकती हलतच नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसल्याने लहान भारही मोजला जातो. तेव्हा नवे मीटर बसताच बिल वाढले, हे अनेक घरांचे निरीक्षण खरे असू शकते. मात्र त्यावरून निघणारे 'नवे मीटर खोटे' हे अनुमान बरोबर असेलच असे नाही. कित्येकदा जुने मीटर ग्राहकाच्या बाजूने चुकत होते. निरीक्षण खरे आणि अनुमान चुकीचे, हा भेद न केल्यामुळे ह्या विषयावरील पुष्कळ वाद निष्फळ झाले आहेत.

परदेशातील दोन उदाहरणे ह्या संदर्भात परस्परांस पूरक आहेत. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड परिसरात २००९ मध्ये नव्या स्मार्ट मीटरविरुद्ध तक्रारींचा पूर आला. राज्याच्या नियामक आयोगाने स्वतंत्र तपासणी करविली. २०१० च्या अहवालात मीटर अचूक असल्याचे आढळले. परंतु दरवाढ आणि कडक उन्हाळा हे मीटरच्या आगमनाशी एकाच वेळी जुळून आले होते आणि ग्राहकांच्या तक्रारींना दिलेली उत्तरे असमाधानकारक होती, असेही त्यात नमूद झाले. ह्याच्या उलट, नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरांपैकी पाचांनी विशिष्ट परिस्थितीत वास्तवापेक्षा पुष्कळच अधिक वाचन दाखविले. एका मांडणीत हे आधिक्य शेकडा ५८२ पर्यंत गेले. दोन मीटरांनी उलट सुमारे तीस टक्के कमी दाखविले. प्रकाश मंद करण्याच्या साधनास जोडलेल्या आधुनिक दिव्यांमुळे प्रवाहाचे स्वरूप विकृत होते आणि काही संवेदकांना ते नीट मोजता येत नाही, हे त्याचे कारण होते. प्रयोगातील परिस्थिती नेहमीच्या घरापेक्षा टोकाची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि मान्यताप्राप्त मीटर चुकूच शकत नाही, हे विधानही त्यामुळे टिकत नाही. बेकर्सफील्ड येथे लोकांचा रोख चुकला होता, तर ट्वेंटे येथे तज्ज्ञांचा निश्चिंतपणा चुकीचा ठरला. आणि दोन्ही ठिकाणी निर्णय झाला तो तपासणीने.

६

महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांचा अनुभव ह्याच प्रश्नाचे दुसरे अंग दाखवितो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडीचे वजन कमी दाखविले जाते, ह्या आरोपासाठी 'काटामारी' हा शब्द रूढ झाला. 'दांडी मारणे' ह्याच्याच साच्यावर तो बेतलेला आहे, हे सहज लक्षात येते. येथे शेतकऱ्यांच्या संघटनांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रास विरोध केला नाही. काटे संगणकीकृत व्हावेत आणि बाहेरच्या काट्यावर आधी तोलून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये, अशा मागण्या त्यांनी केल्या. जो शेतकरी घरच्या नव्या मीटरकडे संशयाने पाहतो, तोच कारखान्यात नवा काटा मागतो. ह्यात विसंगती नाही. दुसऱ्या काट्यावर पडताळा घेण्याची मुभा असेल तेथे नवे यंत्र हवेसे वाटते. ती नसेल तेथे नकोसे वाटते.

स्मार्ट मीटरविषयीचा अलीकडील वाद ह्या पार्श्वभूमीवर समजून घेता येतो. २०२४ मध्ये राज्यात प्रीपेड स्मार्ट मीटरला तीव्र विरोध झाला आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसविले जाणार नाहीत, असे राज्यशासनाने जाहीर केले. विरोधाच्या कारणांत आधी पैसे भरण्याची सक्ती, मीटरच्या किमतीचा भार आणि कर्मचाऱ्यांच्या रोजगाराची चिंता ही होती. वाचनाच्या अचूकतेविषयीचा संशय त्यांत मिसळला होता. ह्या मीटरवरही एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास त्याची किती स्पंदने, हे पाटीवर लिहिलेले असते. ३२०० हा अंक असल्यास शंभर वॅटच्या दिव्यास मिनिटाला पाचांहून किंचित अधिक स्पंदने पडावीत, हा पडताळा चकतीच्या काळाइतकाच सोपा आहे. परंतु तो ग्राहकास शिकविला गेला नाही. चकती जाऊन वर्षे लोटली, तरी लोक 'मीटर पळते' असेच म्हणतात. पाहता येत असे असे काहीतरी हरवले आहे, ह्याची ही भाषिक खूण मानावयास हरकत नाही.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, मीटरविषयीचा लोकसंशय हा नव्या तंत्राच्या भीतीतून जन्मलेला नाही. शीग आणि दांडी ह्यांच्या काळापासून चालत आलेल्या एका जुन्या व्यवहारज्ञानाचा तो विस्तार आहे. दुसरा असा की, ह्या संशयाचे तपशील अनेकदा चुकतात. यंत्रदोष, दरवाढ, ऋतुमान आणि जुन्या मीटरचा मंदपणा ह्यांची सरमिसळ त्यात होते, आणि अभ्यासकाने ती निर्ममपणे वेगळी केली पाहिजे. तिसरा व अधिक महत्त्वाचा असा की, हा संशय प्रचाराने कधी मिटल्याचे आढळत नाही. वजनावरचा ठसा, मॉर्गन ह्यांच्या कचेरीतील पत्रके, १९१० च्या कायद्यातील निरीक्षक, नियामक आयोगाची चौकशी ही सर्व उत्तरे एकाच जातीची आहेत. मापाची परीक्षा विकणाऱ्याच्या हातून काढून तिसऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या हाती देणे, हे त्यांचे सामान्य लक्षण होय. २००३ च्या विद्युत अधिनियमाने ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच व लोकपाल ह्यांची तरतूद केली आहे. पण मंचापर्यंत जाण्यापूर्वीचा पडताळा ग्राहकास घरीच घेता आला पाहिजे. तो जेथे शक्य होता तेथे संशय एका तासाच्या निरीक्षणाने संपत असे. जेथे तो शक्य राहिला नाही, तेथे त्याचे रूपांतर वादात झाले आहे.